उजवा हात खांद्यापर्यंत

आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिलीच. माय, मावश्या, मामी, सगळ्या जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आल्या. मला जैनथच्या तहसील कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटरचं काम लागलं तेव्हा मायनं पगाराचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "बसाले खुर्ची भेटते का?" मी म्हटलं, हाव. तेवढं ऐकलं अन् ती शेजारणीला सांगायला गेली.

आता अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बसून बसून माझी मान धरली?

एकदा सांगून पाहिलं. ती भाकर थापत होती, तिचे हात थांबले. "बसून दुखते? बसून?" ती म्हणाली. "वाकू वाकू माह्या कमरीचं लाकूड झालं, मी कधी काई म्हटलं? अन् तू पंख्याखाली बसून दुखते म्हन्तं!" तिचं तरी काय चुकलं? तिच्या हिशेबानं दुखणं उन्हात असतं, वाकण्यात असतं, डोक्यावरच्या गाठोड्यात असतं. ते खुर्चीत कुठून येईल?

येतं हो, चांगलं येतं. आमच्या टेबलाची तऱ्हाच तशी होती. विजेचा बोर्ड डाव्या भिंतीला, वायर आखूड, म्हणून मॉनिटर टेबलाच्या पार डाव्या टोकाला. की-बोर्ड पुढ्यात. दाखल्यासाठी आलेली माणसं उजव्या बाजूनं येऊन खांद्यावर वाकायची, "मॅडम, माहं नाव बराबर टाकजा." माणसं मराठी, सरकार तेलंगणाचं, म्हणून ऐकायचं मराठीत, टाकायचं तेलुगूत, मान दिवसभर डावीकडे. पाठ टेकावी म्हटलं तर खुर्चीची पाठ तारेनं बांधलेली, टेकलं की मागे जायची. म्हणून मी टोकावर बसायची, पुढे झुकून.

आधी नुसती मान आखडायची. मग कळ खांद्यातून निघून दंडावरून खाली उतरू लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. एक युक्ती तेवढी सापडली होती. उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला की कळ थांबायची. आदिलाबादहून जैनथला जाताना मी बसमध्ये तशीच बसायची. एकदा कंडक्टरनं आम्हा बायांचं फुकट प्रवासाचं शून्याचं तिकीट देता देता हळूच विचारलं, "काय झालं ताई, घरचं कोनी गेलं का?" मी म्हटलं, नाही भाऊ, आहेत सगळे, तुम्ही तिकीट द्या.

दवाखान्यात जावं असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण माझी नोकरी कायमची नव्हती, कंत्राटाची होती. मार्च सरता सरता ऑफिसातून एजन्सीला नव्या वर्षाची यादी जाते. तीत नाव असलं तर खुर्ची आपली, नसलं तर घरी. नाव काऊन नाही, हे कोणी सांगत नाही. माझ्याआधीच्या ऑपरेटरचे डोळे अधू झाले, काम हळू झालं आणि एप्रिलमध्ये त्याच्या जागी मी बसले. त्याच्या जागी बसलेली मी, मला कशाला कोणी समजावून सांगायला पाहिजे? घरात माय म्हातारी, लेक नववीत, लेकीचा बाप चार दिवसांच्या तापात गेलेला. मान दुखते हे कोणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

त्या हिवाळ्यात वरून आदेश आला. दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्या पाठी-माना दुखतात, म्हणून एक फिजिओथेरपिस्ट दर मंडलाच्या तहसील कार्यालयात फिरेल, व्यायाम शिकवेल, आणि मग रोज काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी तो करायचा. तो आला एका सोमवारी. वरंगलकडचा, किडकिडीत, माझ्याहून लहान. तेलुगू बोलायचा, अडलं की हिंदी. आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं आणि विचारलं, कोणाला काय दुखतं, हात वर करा.

भराभर हात वर झाले. रेकॉर्ड सांभाळणारे चाचा, ज्यांची सगळी हयात जुनी पहाणी, म्हणजे शेतीचे उतारे, काढण्यात-ठेवण्यात गेली, त्यांनी तर दोन्ही हात वर केले, एक कमरेसाठी अन् एक गुडघ्यासाठी. हे सगळे कायम नोकरीवाले. त्यांना दुखलं तर रजा मिळते. मी हात खालीच ठेवला.

मग त्यानं व्यायाम घेतले. हनुवटी मागे ओढा. खांदे कानापर्यंत न्या, मागून खाली आणा. मान या अंगाला, त्या अंगाला. दोन्ही हात समोरून उचलून कानाला लावा. मी सगळं केलं. असं केलं, की विचारू नका. दंडातून वीज गेल्यासारखं होत होतं आणि मी दात दाखवत हसत होते. आपल्यावर कोणाचं बोट नको, एवढीच धडपड. त्यानं पाहिलं आणि टाळीच वाजवली. "शाबाश! अक्का, आप आगे आओ. सब लोग अक्का को देखो, ऐसा करना है."

झालं! ज्या गोष्टीपासून पळत होते, तिच्याच तोंडाशी जाऊन उभी राहिले. तहसीलदार मॅडम तिथंच होत्या, त्या म्हणाल्या, "मग रोज तुम्हीच घेत चला." नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे जे कारण होतं ते सांगता येत नव्हतं.

जाता जाता त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. ज्याच्या हाताला मुंग्या येतात त्यानं मान वळवायचा व्यायाम करायचा नाही, आधी तपासून घ्यायचं. आणि अर्ध्या तासानं एकदा खुर्चीतून उठायचं. पहिली गोष्ट मी ऐकली न ऐकल्यासारखी केली. दुसरी दुसऱ्या दिवशी करून पाहिली. मी उठून नुसती भिंतीला पाठ लावून उभी राहिले, तर बाहेरच्या रांगेतून ओरडा झाला, "मॅडम उठल्या! मॅडम उठल्या!" आमच्याकडे ऑपरेटर उठला म्हणजे सर्व्हर गेला नाहीतर जेवणाची सुट्टी झाली. रांग मोडली, माणसं खिडकीवर आदळली, एका म्हाताऱ्याची चप्पल हरवली. मी परत खुर्चीत बसले. पुन्हा उठायचं नाव घेतलं नाही.

रोज सव्वादहाला व्हरांड्यात मी पुढे, बाकी सगळे समोर. आमच्या इकडच्या शाळांत प्रार्थनेच्या वेळी एक पोरगी पुढे उभी करतात आणि बाकीची पोरं ती करते तसं करतात. ती काय सांगते ते कोणी ऐकत नाही, ती काय करते ते बघतात. आमचं अख्खं ऑफिस त्याच शाळांतून आलेलं. मी तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू, आणि सगळे माझ्याकडे बघून हात हलवायचे. चमत्कार म्हणा काही म्हणा, त्यांना गुण यायला लागला. चाचा तर भर ऑफिसात सांगत सुटले, "बेटी, कमर का दर्द आधा गया! तुझा हात जस देतो." मॅडमसुद्धा रांगेत उभ्या राहू लागल्या.

आणि मी? मी रोज सकाळी आपल्या हातानं आपली मान पिळत होते. रात्री कूस बदलली की जीव जायचा. सगळ्यांना बरं वाटत होतं त्याच व्यायामानं माझा हात चालला होता. रडू यायचं, राग यायचा. कोणावर काढायचा? लेकीची वेणी घालताना हात वर धरवत नव्हता, तिची वेणी सैल पडू लागली. "आई, तू आजकाल वेणी अशी काऊन घालून राह्यली? शाळेत पोरी हसतात." मी तिच्यावरच खेकसले, नववीतली पोरगी, स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही का म्हणून. ती तशीच सैल वेणीनं शाळेत गेली.

मग एका सकाळी हात खांद्याच्या वर गेलाच नाही. दुखलं म्हणून नाही. नुसता गेला नाही. मी म्हणत होते ऊठ, आणि तो खांद्याच्या पातळीला येऊन लटकत होता. डावा कानाला, उजवा खांद्यापर्यंत. पण मोजणं थांबवलं नाही. उलट आवाज चढवला, जणू व्यायाम असाच असतो.

दोन-तीन दिवसांत समोर पाहते तर काय! चाचांचा उजवा हात खांद्याला थांबलेला. शिपायाचा थांबलेला. सीनियर असिस्टंटचा थांबलेला. एकेक करत सगळ्यांचा. डावे हात वर आभाळाकडे, उजवे मध्येच. अन् रांगेच्या टोकाला तहसीलदार मॅडम, त्यांचाही. कोणी विचारलं नाही, असं काऊन? पुढची करते तसं करायचं, संपलं. मला हसू आलं आणि त्याच दमात जिरलं. कारण तो वरंगलवाला अजून नेरडीगोंडाकडच्या ऑफिसांत फिरत होता. परत येईल तेव्हा हे चित्र बघेल.

मी काय काय नाही केलं! मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. दाराच्या चौकटीला उजवा हात लावून डाव्यानं वर ढकलला. माऊस डाव्या हाताला घेतला आणि बोटांना शिव्या देत शिकले. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या, त्यानं पोट जळायचं. माय कोपऱ्यातून बघत होती. एका पहाटे मी चौकटीला लटकलेली तिनं पाहिली. माझ्यासाठी पाणी गरम करून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

तो वरंगलवाला मार्चच्या मध्यावर आला. यादी जायला थोडे दिवस उरलेले. मोटारसायकल लावली, व्हरांड्याच्या पायरीवर थांबला. आम्ही सुरू केलं होतं. मी त्याला पाहिलं आणि मोजता मोजता आकडा चुकले. तो सगळ्यांकडे बघत राहिला. मग चाचांपाशी गेला. "चाचा, राइट हैंड पूरा क्यों नहीं?"

"टीचर जितना करती, उतनाच करते," चाचा म्हणाले, मोठ्या अभिमानानं.

तो माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तेच वाईट. "अक्का, एक बार पूरा ऊपर."

मी उचलला. खांदा कानाला लावला, कंबर वाकडी केली, सगळं अंग डावीकडे टाकलं. हात तिथंच. समोर सगळे आपापले उजवे हात तसेच अर्धवट धरून उभे होते, माझा वर जायची वाट बघत. मॅडमही. कुठं तोंड लपवावं कळेना. मग मॅडमनी आपला हात हळूच खाली घेतला आणि त्याच्यामागून सगळ्यांनी घेतले. शेवटी माझा पडला.

त्यानं मला आत खुर्चीत बसवलं, माझ्या मुठीत आपली दोन बोटं दिली, म्हणाला दाबा. मी दाबली. त्यानं ती सहज काढून घेतली. "ये कब से है?" मी म्हटलं, सर, हे लिहू नका. यादी जाऊ द्या, मग जे म्हणाल ते करते. पाया पडते तुमच्या. तो म्हणाला, तुमचा हात गेला तर मी काय उत्तर देऊ? मीही कंत्राटावरच आहे अक्का. मग सांगू नका, मी म्हटलं, तुम्हाला तर कळायला पाहिजे. त्याचे डोळे भरले, पण तो मॅडमच्या केबिनमध्ये गेलाच.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "महिनाभर घरी राहा. मी यादी थोडी थांबवून धरते. डॉक्टरचा फिट असल्याचा कागद आणा, खुर्ची तुमची. तोवर मावला गावची एक मुलगी तुमच्या जागी बसेल." मी मान हलवली. मान हलवायचीही चोरी झाली होती, तरी हलवली.

मग महिनाभर सरकारी दवाखान्यातला त्या वरंगलवाल्याचा खोलीवजा कोपरा आणि घरातली चटई. मोठ्या डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला नस दबली आहे, सध्या व्यायाम करून बघू. आता व्यायाम खरा सुरू झाला. आडवं पडून, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, हनुवटी अगदी इवलीशी आत. हात भिंतीवर बोटांनी चढवत न्यायचा, कळ आली तिथं थांबायचं, रेटायचं नाही. थांबायचं! मला तेच येत नव्हतं. तो ओरडायचा, "अक्का, ये ऑफिस नहीं है, यहाँ किसको दिखाना है?"

दुपारी मावल्याच्या पोरीचा फोन यायचा. "ताई, वारसाचा अर्ज परत येऊन राह्यला, काय करू?" मी सांगायची. सांगायची आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसायची. माझ्या जागेवर बसायला मीच तिला शिकवत होते. न सांगावं तर दारात उभा असलेला माणूस उन्हात परत जाणार. चाचा फोनवर म्हणाले, "पोरगी लय तेज हाय." मी म्हटलं, बरं झालं. काय बरं झालं? कपाळ माझं.

एक दिवस भिंतीवर हात चढवत होते तर माय जवळ येऊन बसली. माझ्या दंडावरून तिनं तळवा फिरवला, त्यात अजून कापसाच्या बोंडांचे जुने ओरखडे. "इतका दुखत होता?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "मले वाटलं खुर्चीवर बसली म्हंजे सुटली पोरगी," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पण रडले. दोघी त्या चटईवर बराच वेळ तशाच होतो. लेक शाळेतून आली, दारात थबकली, मग दप्तर ठेवून चहा टाकायला गेली.

पण हात चढत गेला, हे खरं. भिंतीवर जिथं अडत होता तिथून वर गेला. मग आणखी वर. एप्रिलच्या उन्हात एका सकाळी दवाखान्यात त्यानं म्हटलं, पूरा ऊपर, आणि हात गेला. कानाला लागला. खोलीतली कमरेच्या शेकाला आलेली बाईसुद्धा म्हणाली, अरे वा! मला उड्या माराव्या वाटल्या. त्यानं मूठ दाबून पाहिली, या खेपेला त्याला बोटं सोडवायला जोर लावावा लागला. तो लहान पोरासारखा हसला.

मी पिशवीतून कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, सर, फिट लिहा, म्हणजे मोठे डॉक्टर सही करतील. यादी परवा जाते.

त्याचं हसू गेलं. कागद तसाच राहिला. मग तो मोडक्यातोडक्या मराठीत, शब्द शोधत बोलायला लागला. "अक्का, हात बरा आहे. टेबल तोच, खुर्ची तीच. तुम्ही उठणार नाही, मला माहीत आहे. दसऱ्याच्या आत हात परत खाली येईल. आणि त्या वेळेला व्यायामानं वर येईल की नाही, मी सांगू शकत नाही. काही दुसरं काम बघा."

दुसरं काम. मला हसायला आलं. दुसरं काम म्हणजे मायचं काम. बाहेर ऊन रणरणत होतं. मी माझा उजवा हात पाहिला, नुकताच कानाला लागून आलेला, चांगला, गरम. बोटं उघडली, मिटली. अंगठा जागा होता.

"दसऱ्यापर्यंत तं चालंल नं?" मी म्हटलं. "लिहा सर."